काळा दिसला म्हणून भक्कम? बेसॉल्टवर पाया घेताना या चुका टाळा

महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. त्यामुळे "खाली काळा पाषाण लागलाय, आता काळजी नाही" हे साइटवर नेहमी ऐकू येतं. पहिली चूक तीच. लाव्हा थिजताना आकसतो आणि त्यातून बनलेल्या घट्ट काळ्या बेसॉल्टला भेगा पडतात. पाणी तिथूनच वाट काढतं. उलट पांढऱ्या ठिपक्यांचा, करडा-तांबूस खडक पोचट समजून नाकारला जातो. त्याची भोकं खनिजांनी भरलेली असतात (तेच हे ठिपके) आणि भेगा बहुधा कमी. बंधाऱ्यासाठी अनेकदा तोच सरस, फक्त कुजलेला (ऊन-पाण्याने मऊ पडलेला) नको.

ते पांढरे ठिपकेही तपासा. चाकूने ओरखडा उठला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसलं, तर कॅल्साइट. ओरखडा उठतो पण फसफसत नाही, तर बहुधा झिओलाइट. चाकूच हरला तर गारगोटीच्या जातीचं काहीतरी. त्यात कॅल्सेडनी (अतिसूक्ष्म कणांची गारगोटी) असेल तर त्या दगडाची खडी काँक्रीटला घेण्याआधी चाचणी कराच. सिमेंटमधल्या अल्कलीशी त्याची क्रिया होऊन काँक्रीट फुगून तडकू शकतं.

लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातकट पट्टा मात्र सगळ्यात फसवा. ड्रिलिंगच्या पाण्यात तो धुऊन जातो, कोअर (ड्रिलने काढलेला खडकाचा दंडगोल नमुना) हाती येत नाही आणि नोंदवहीत नुसतं "कोअर लॉस" लागतं. बोअरमधून वर येणारं पाणी कोणत्या खोलीला लाल झालं, ते लिहून ठेवा. उघडा पडून भिजला की हा थर ढासळतो आणि वरचा पक्का कातळ अधांतरी राहतो.

खडक लागला की लगेच बोअर थांबवू नका. कुजलेल्या मुरमात मोठाले गोल धोंडे असतात. अर्धा मीटर कोअर मिळाला म्हणजे कातळ लागला असं नाही.

आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याची टक्केवारी, काढताना तर सर्रास घोळ होतो. १.५ मीटरच्या खेपेत (एका दमात ड्रिल केलेल्या लांबीत) १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ९० सेंमी, म्हणजे ६० टक्के. त्यातला १४ सेंमीचा एक तुकडा हाताळताना ८ आणि ६ असा मोडला आणि ते दोन्ही वगळले, की आकडा ५१ वर येतो. असे तुकडे जोडूनच मोजायचे. ताजी तूट खडबडीत, स्वच्छ आणि एकमेकींत बसणारी असते. मूळ भेगेवर गंजाचा डाग किंवा हिरवट-पांढरा थर दिसतो. कोअर बॉक्समध्ये ठेवतानाच ताज्या तुटींवर रंगाने खूण करून घ्या.