छोटा गट चालवताना या चुका टाळा

यावलमधला बचत गट असो, नवापूरकडची प्रार्थना मंडळी असो की जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातली एका पाळीची टोळी, गट ढिला पडला की कारण एकच ऐकू येतं: "लोकांना रसच नाही." हे निदान बहुतेक वेळा चुकतं. गटात किती जण आहेत, ते कसे बसतात, प्रश्न कसा विचारला जातो आणि काम कोणाच्या हातात आहे, एवढं आधी तपासा. माणसांचे स्वभाव बदलायला वर्षं लागतात, या चार गोष्टी पुढच्या बैठकीपासून बदलता येतात.

गट फुगत जातो

आलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून सहाचे बारा होतात आणि बाराचे वीस. सहा जणांत आपसांतल्या जोड्या 15 असतात, बारा जणांत 66, वीस जणांत 190. तासाभराच्या बैठकीत सहा जणांना बोलायला प्रत्येकी 10 मिनिटं मिळतात, वीस जणांना 3. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगात मोजलं होतं की आठ जणांनी मिळून ओढला की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या साधारण निम्म्यावर येतो. सगळ्यांची ओढ एका क्षणी लागत नाही हे एक कारण. आणि आपण थोडं सैल सोडलं तरी कोणाला कळणार, हे दुसरं. बैठकीत गप्प बसणारे नेमकं हेच करतात.

मोकळ्या बोलण्यासाठी सहा ते आठ जण पुरे. बचत गटाचं गणित वेगळं आहे: राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात 10 ते 20 महिलांचा गट धरतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात 5 जणींचाही चालतो. त्यामुळे गट पंधरा जणींचा असेल तर चर्चा चौघी-चौघींत करा आणि निर्णय सगळ्यांसमोर घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात चौघांचे दहा गट करा. आठांचे पाच गट सांभाळायला सोपे वाटतात, पण प्रत्येकात तिघं-चौघं खिडकीबाहेर बघत असतात.

वेळ सांगणाऱ्याच्या सोयीची

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बैठक ठेवली की मजुरी बुडवून कोणी येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या सभागृहात दोन वाजता बोलावणं म्हणजे 'येऊ नका' असंच सांगणं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तो आठवडा सरळ मोकळा सोडा. धडगाव-अक्कलकुव्याकडचे सदस्य ऊसतोडीला गुजरातेत जाणार असतील तर निघण्याआधीच्या बैठकीत त्यांची बचत आणि हप्ता कसा येणार हे ठरवून वहीत लिहा. परत आल्यावर दंड लावत बसलात तर ती माणसं पुन्हा येत नाहीत.

बसण्याची रीतही बघा. प्रमुख खुर्चीवर आणि बाकी सतरंजीवर असतील तर ती बैठक राहत नाही, भाषण होतं. सगळे गोल बसा, वही मधोमध ठेवा. फार बोलणाऱ्याला आपल्या शेजारी बसवा आणि गप्प राहणाऱ्याला समोर. शेजारच्याकडे नजर कमी जाते, समोरच्याकडे आपोआप जाते, आणि बोलण्याचं आमंत्रण नजरेनेच मिळत असतं.

प्रश्न विचारून उत्तरही आपणच देणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, आणि ती करणाऱ्याला कळतही नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. म्हणून प्रश्न विचारा आणि मनात पाच अंक मोजा. ती शांतता जड वाटते. तरी तोंड उघडू नका.

प्रश्नही नीट हवा. "समजलं ना?" याला "हो" सोडून उत्तर नाही. प्रार्थना मंडळीत "हा उतारा आवडला का?" हाही तसलाच. त्याऐवजी "यातलं कोणतं वाक्य पाळायला अवघड वाटतं?" असं विचारा. बचत गटात "काही अडचण?" म्हणण्यापेक्षा "या महिन्यात तिघींना कर्ज हवंय आणि पैसे दोघींपुरतेच आहेत, आधी कोणाला द्यायचं आणि का?" असं मांडा. पहिली दोन मिनिटं शेजारणीशी बोलू द्या, मग सगळ्यांसमोर. शेजारणीला सांगून झालेलं वाक्य मोठ्यानं बोलायला भीती वाटत नाही.

भाषेचाही अडसर असतो. घरी अहिराणी, पावरी किंवा मावची बोलणारी बाई बैठकीत पुस्तकी मराठी ऐकली की आक्रसते. "तुमले काय वाटस, वैनी?" एवढ्यानं तिचं तोंड उघडतं.

सासू-सून एकाच गटात असतील तर धाकटीला आधी विचारा. सासू बोलून गेल्यावर सून "हाव" (हो) म्हणण्यापलीकडे जाणार नाही. याच कारणानं कारखान्यात सुपरवायझरने आपलं मत शेवटी सांगावं. एखाद्याचं बोलणं थांबतच नसेल तर "दादा, तुमचं कळलं, आता इकडच्या दोघांचं ऐकू" म्हणा आणि सगळ्यांची एक फेरी होईपर्यंत दुसरी पाळी नाही, हा नियम लावा. चारचौघांत टोकू नका. बैठकीनंतर एकट्याला सांगा आणि पुढच्या वेळी नोंदी लिहायचं काम त्याला द्या.

सगळ्या चाव्या एकीकडे

जिला लिहिता येतं तिच्याकडे वही जाते, मग पासबुक, मग पैशांची पेटी. ती आजारी पडली की गट बंद. आणि तिच्या घरी बसून लिहिलेल्या हिशोबावर कधी ना कधी शंका येतेच, ती कितीही प्रामाणिक असली तरी.

पेटी एकीकडे ठेवा, किल्ली दुसरीकडे. बँकेत तिघींच्या सह्या नोंदवा, त्यांतल्या दोघींच्या लागतील असं करा. पैसे हातात आले की त्याच क्षणी सदस्याच्या पुस्तिकेत आणि गटाच्या वहीत आकडा चढला पाहिजे. उठण्याआधी मागची शिल्लक, आजची बचत, परतफेड, दिलेलं कर्ज आणि आताची शिल्लक मोठ्यानं वाचा आणि नोटा सगळ्यांसमोर मोजा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही शेवटचा आकडा पाठ असायला हवा. काम सोपवताना 'उद्यापासून तू बघ' म्हणू नका. दोन बैठका तिला शेजारी बसवून दाखवा, दोन बैठका मिळून लिहा, दोन बैठका ती लिहील आणि तुम्ही फक्त बघा. मगच वही सोडा.

वर्गात हीच चूक गुणांच्या रूपानं दिसते. सगळ्या गटाला एकच गुण दिला की एक हुशार मुलगी राबते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत प्रत्येक मुलाला धड्याचा वेगळा तुकडा दिला. तो त्यानंच इतरांना शिकवायचा आणि शेवटी परीक्षा प्रत्येकाची वेगळी. केळीवर प्रकल्प असेल तर एकाकडे ठिबक, एकाकडे करपा रोग, एकाकडे रावेरचा बाजारभाव, एकाकडे सावद्याहून रेल्वेनं जाणारा माल द्या. कोणाचाच तुकडा वगळता येत नाही.

न आलेल्याची चौकशी नाही

मेथडिस्ट चर्चमधले बारा जणांचे गट 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला सुरू झाले ते मुळात प्रार्थनाघराचं कर्ज फेडायला दर आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी. गटप्रमुख घरोघर गेले आणि कोण कशात अडकलंय हे कळू लागलं. पुढे तोच गटांचा कणा झाला. एखादी बाई सलग दोनदा आली नाही तर दोन दिवसांत कोणीतरी घरी जाऊन या. दंडाचं बोलणं त्या भेटीत नको.

पहिलं भांडण झालं की हात टेकणं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यांत दुसरा टप्पा खटक्यांचाच आहे. वाद बहुधा कर्ज आधी कोणाला आणि थकलेला हप्ता कोणाचा यावर होतो. नियम पैसे साठण्याआधी लिहा. जिचं कर्ज, तिनं त्या निर्णयात बोलायचं नाही. वाद पेटला तर आधी वही उघडून नोंद वाचा, मग बोला.

गट वाढून दोन करायचे असतील तर थकीत कर्ज फिटेपर्यंत थांबा, प्रत्येकीची बचत आणि व्याजाचा वाटा लिहून सह्या घ्या, आणि हिशोब येणाऱ्या दोघी नव्या गटात पाठवा.