घर विकताना एजंट कसा निवडावा आणि दलाली कशी ठरवावी

गेल्या पंधरा वर्षांत घरातली आणि नात्यातली मिळून पाच घरं विकण्याचं काम माझ्याकडे आलं. आईचा सिंहगड रोडवरचा फ्लॅट, माझा कोथरूडमधला, भावाचा ठाण्यातला, मामांचा नाशिकमधला आणि अमेरिकेत असलेल्या आतेबहिणीचा औंधमधला. पाचही वेळा एजंट घेतला आणि सहावं घर विकायची वेळ आली तरी घेईन. ‘एजंट कशाला, दोन टक्के वाचव’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी स्वतः एकही घर विकलेलं नसतं. रविवारची दुपार घालवून दहा जणांना घर दाखवायचं, त्यातलं खरं गिऱ्हाईक कोण हे ओळखायचं, खरेदीदाराच्या बँकेच्या मागे लागायचं, दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्यांना एका वेळी आणायचं, ही खरी मेहनत आहे आणि तिचे पैसे द्यायलाच हवेत. ते किती द्यायचे, कशावर आणि कधी, हे मात्र पहिलं गिऱ्हाईक दारात येण्याआधी ठरलं पाहिजे.

१. कागद एका फायलीत लावा

मूळ करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, म्हणजे ‘इंडेक्स टू’), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), मिळकत कराची पावती, कर्ज फेडलं असेल तर बँकेचं पत्र. एजंटाला फक्त झेरॉक्स द्या. मूळ कागद आणि कुलमुखत्यारपत्र कोणत्याही कारणासाठी त्याच्या हातात देऊ नका.

२. भाव आधी स्वतः काढा

एजंटाला ‘किती येतील?’ असं विचारून सुरुवात करू नका. काम मिळावं म्हणून काही जण फुगवलेला आकडा सांगतात आणि दीड महिन्याने ‘मार्केट थंड आहे’ म्हणत खाली आणत राहतात. तोवर घर जुनं झालेलं असतं आणि येणारा प्रत्येक जण ‘अजून विकलं नाही का?’ असं विचारतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्चची सोय आहे. गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदवलेले दस्त दिसतात. आपल्या इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या वर्षा-दीड वर्षातले व्यवहार शोधा आणि सूची क्रमांक २ मधला ‘मोबदला’ पाहा. त्याच्याखालचा ‘बाजारभाव’ म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचं सरकारी मूल्य, तो आपल्या कामाचा नाही. क्षेत्रफळ चटई (भिंतींच्या आतलं) आहे की बांधीव (भिंती धरून) तेही तपासा. चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढा. पोर्टलवर दिसतात ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नसतात.

३. तिघांना भेटा, एकाला निवडा

नावं सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला विचारा. इमारतीत खरी गिऱ्हाइकं कोण घेऊन येतं, हे वॉचमनइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं. भाड्याची कामं करणारे आणि विक्रीची कामं करणारे वेगळे असतात. भाड्याच्या घरांत हुशार असलेला माणूस कर्जाचं गिऱ्हाईक आलं की गोंधळतो.

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी बघा. एजंटाचा क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. पुष्कळ एजंट कार्डावर एखाद्या प्रकल्पाचाच क्रमांक छापतात, म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने शोधा. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. कायद्याची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे, त्यामुळे जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीला ती लागू होईलच असं नाही. तरीही मी नोंदणी असलेलाच माणूस घेतो, कारण निदान करारनाम्यातली कलमं तरी त्याने वाचलेली असतात.

भेटीत तीनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात आमच्या भागात पुनर्विक्रीचे कोणते व्यवहार केलेत? त्यातला शेवटचा किती दिवसांत पूर्ण झाला? आणि एखादा मोडला तो का? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमचा व्यवहार कधी मोडत नाही’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. आतेबहिणीच्या फ्लॅटच्या वेळी मी आणखी एक प्रश्न विचारला होता: विकणारी परदेशात असेल तर टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचं काय? अनिवासी विक्रेत्याच्या व्यवहारात खरेदीदाराला नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त कर कापावा लागतो आणि तो कमी कापला जावा यासाठी आयकर खात्याचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवावं लागतं. तिघांपैकी एकालाच हे माहीत होतं. काम त्यालाच दिलं.

एकाच वेळी पाच जणांना घर देऊ नका. तोच फ्लॅट पोर्टलवर पाच वेगवेगळ्या भावांना दिसतो आणि गिऱ्हाईक सगळ्यांत खालच्या आकड्यापासून बोलायला सुरुवात करतं. एकालाच द्या, पण मुदत साठ दिवसांची ठेवा. सहा महिने मागितले तर नाही म्हणा. सोसायटीतला किंवा नात्यातला कुणी थेट आला तर दलाली नाही, हेही त्याच वेळी सांगा.

४. दलाली कागदावर आणा

इथे मी एकदा फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

२०१६ मध्ये आईचा फ्लॅट विकायला काढला. एजंट ओळखीतून आलेला, बोलायला गोड. ‘दोन टक्के, नेहमीसारखं’ एवढंच ठरलं, तेही चहा पिताना. ७२ लाखांना गिऱ्हाईक आलं आणि त्याने एक लाखाचं टोकन (बयाणा) दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एजंट घरी हजर. ‘पार्टी आणून दिली, माझं काम झालं, एक लाख चव्वेचाळीस हजार द्या.’ मी बोललो, करारनामा तरी होऊ दे. तो म्हणाला, निम्मे तरी द्या. संकोचापोटी मी ७२ हजारांचा चेक लिहिला. तीन आठवड्यांनी खरेदीदाराच्या बँकेने कर्ज नाकारलं, कारण इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. खरेदीदाराची काही चूक नव्हती, त्याचं टोकन आम्ही पूर्ण परत केलं. आमचे ७२ हजार मात्र परत आले नाहीत. कागद काहीच नव्हता आणि ‘पार्टी आणायची जबाबदारी माझी, बँकेची नाही’ हे एजंटाचं वाक्य खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. आई ‘जाऊ दे’ म्हणाली. तिच्या पेन्शनचे ते चार महिने होते. मला ते अजून लागतं.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २१९ सांगतं की वेगळा करार नसेल तर नेमून दिलेलं काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. पण काम म्हणजे नेमकं काय? गिऱ्हाईक आणणं, की व्यवहार पार पाडणं? भांडण तिथेच होतं. ते टाळायचं तर कामाची व्याख्या आपणच लिहून ठेवायची. माझा मजकूर असा असतो:

‘फ्लॅट क्रमांक अमुकच्या विक्रीतील मध्यस्थीसाठी करारनाम्यातील मोबदल्याच्या दीड टक्के दलाली देण्यात येईल. निम्मी रक्कम करारनाम्याची नोंदणी झाल्यावर आणि उरलेली रक्कम पूर्ण मोबदला विक्रेत्याच्या खात्यात जमा झाल्यावर सात दिवसांत देय राहील. नोंदणीपूर्वी कोणत्याही कारणाने व्यवहार रद्द झाल्यास दलाली देय राहणार नाही. खरेदीदाराकडून घेतली जाणारी दलाली मध्यस्थाने विक्रेत्याला लेखी कळवावी. मुदत आजपासून साठ दिवस.’

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. सही करायला तयार नसेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय घराची किल्ली देऊ नका. चांगला एजंट यावर रुसत नाही. माझ्या नंतरच्या चारही एजंटांनी हे मान्य केलं, एकाने तर तोच मजकूर पुढे स्वतःच्या कामात वापरायला घेतला.

आता टक्क्यांबद्दल. महाराष्ट्रात दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. ‘सरकारी रेट दोन टक्के आहे’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. पुण्या-मुंबईत पुनर्विक्रीला विकणाऱ्याकडून साधारण एक ते दोन टक्के आणि बहुतेक वेळा घेणाऱ्याकडूनही तेवढेच घेतले जातात. ७२ लाखांवर एक टक्का म्हणजे ७२ हजार, दोन टक्के म्हणजे १,४४,०००. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २५,९२०. जीएसटी मागणाऱ्याकडून त्याचा क्रमांक असलेलं बिल घ्या. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या एजंटाला साधारणपणे ही नोंदणी घ्यावी लागत नाही. क्रमांक नसताना जीएसटी लावला असेल तर ती रक्कम देऊ नका.

दोन्ही बाजूंनी दलाली घेणं ही इथली रीत आहे, तिला माझी हरकत नाही. पण हिशोब लक्षात ठेवा. भाव दोन लाखांनी वाढला तर दीड टक्क्याने एजंटाला तीन हजार जास्त मिळतात, आणि व्यवहार फिसकटला तर दोन्हीकडची दलाली जाते. त्यामुळे तो तुमच्या दोन लाखांसाठी भांडेल अशी अपेक्षा ठेवू नका. गिऱ्हाईक आणणं आणि कागद पुढे सरकवणं ही त्याची कामं. भावावर शेवटचं बोलणं समोरासमोर बसून तुम्हीच करा.

आणि एक वाक्य ऐकलं की सावध व्हा: ‘तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचं मी बघतो.’ याला नेट भाव म्हणतात. तुम्ही ७० सांगता, तो ७५ ला विकतो आणि वरच्या पाच लाखांबद्दल तुम्हाला कळतही नाही. बहुतेक वेळा ते पैसे रोखीत फिरतात आणि करारनाम्यावर सही तुमची असते. नेट भाव कधीही मान्य करू नका, मग एजंट सख्खा मावसभाऊ का असेना.

५. टोकन

टोकन थेट तुमच्या खात्यात, एजंटाच्या नव्हे. विसार पावतीवर (टोकन मिळाल्याच्या लेखी पावतीवर) एकूण रक्कम, करारनाम्याची तारीख आणि बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन परत करायचं की नाही, हे लिहा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो.

६. दलालीखेरीजचे पैसे

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क रिवाजाप्रमाणे खरेदीदार भरतो. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून तो एक टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झाल्याचं पाहून घ्या.

सोसायटीच्या नावाने एजंट जास्त पैसे सांगतात. ‘ट्रान्सफरचे पन्नास हजार लागतील, मी मॅनेज करतो’ हे मी तीन वेळा ऐकलं आहे. सहकार खात्याच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. त्याशिवाय हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. हे पैसे सोसायटीच्या खात्यात चेकने भरा आणि कोण भरणार, तुम्ही, खरेदीदार की अर्धे-अर्धे, हे विसार पावतीतच लिहा.

दलालीही चेकने किंवा ऑनलाइनच द्या आणि बिल घ्या. भांडवली नफा काढताना विक्रीसाठी दिलेली दलाली विक्रीच्या रकमेतून वजा होते. रोख देऊन बिल घेतलं नाही तर ही वजावट पदरात पडणं अवघड. बिल, बँकेचं स्टेटमेंट आणि सह्या केलेला तो कागद सूची क्रमांक २ च्या मागेच लावून ठेवा. विवरणपत्र भरताना सीए हेच तीन कागद मागतो.