चिकन पॉट पाय: घाईच्या दिवशी या चुका टाळा

पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं, आज चिकन पॉट पाय आहे, तर म्हणाल्या, "कोंबडीचे पाय? एवढं काय अडलंय?" जेवताना निरखून म्हणाल्या, "ही तर खारी करंजीच की, ताटाएवढी." तेव्हापासून मी सगळ्यांना हा पदार्थ तसाच समजावते. बाहेरून पारी, आत चिकन-भाज्यांचं दाट सारण, आणि ओव्हनमध्ये भाजलेलं. यातला 'पाय' इंग्रजीतला.

इथे न्यूजर्सीत हा ऑफिसातून दमून आल्यावर करायचा प्रकार. दुकानातली भाजलेली अख्खी कोंबडी, फ्रोझन मटार-गाजर, तयार पारी. सगळं आयतं आणा, माझी काही हरकत नाही. वैताग येतो तो त्यानंतरच्या घाईचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम सारण पारीत ओतणं. मीही केली आहे. जानेवारीतली संध्याकाळ, बाहेर बर्फ, आठला चार माणसं जेवायला. सव्वासातला सारण गॅसवरून उतरवलं, तसंच कच्च्या पारीत ओतलं आणि ओव्हनमध्ये ढकललं. वरून काय सोनेरी रंग! पहिला तुकडा उचलला तर वरची पारी हातात आणि खालची भांड्यालाच. उलथनं घालून खरवडली तर राखाडी, चिकट, पतंगाला लावायची खळ जशी. सगळ्यांनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं. एकजण म्हणाला, "सूप छान झालंय."

कारण साधं आहे. पारीतलं लोणी ओव्हनमध्ये जाईपर्यंत थंड आणि घट्ट राहायला हवं. तिथल्या कडक आचेत त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गरम सारणाने लोणी आधीच वितळलं की पीठ तेलकट होऊन बसतं. मी आता सारण परातीत पातळ पसरते आणि पंख्याखाली वीस मिनिटं ठेवते. खूपच घाई असेल तर खालची पारी सरळ गाळते. नुसत्या वरच्या पारीचा पाय कमअस्सल म्हणणारे असतात. त्यांनी सुट्टीच्या दिवशी करावा.

दुसरी चूक, सारणातला पातळ रस्सा. पाच मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, दोन कप स्टॉक (कोंबडी उकळलेलं पाणी), अर्धा कप दूध. मैदा लोण्यात दोन मिनिटं परतायचा, नाहीतर कच्चट लागतो. मग स्टॉक थोडा थोडा घालत ढवळायचं, एकदम ओतलात तर गुठळ्या. नवशिके पहिला बुडबुडा दिसला की गॅस बंद करतात आणि म्हणतात, "ओव्हनमध्ये होईल घट्ट." नाही होत. उलट फ्रोझन भाज्या आणखी पाणी सोडतात. नीट उकळी येऊन चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली पाहिजे. मगच चिकन आणि भाज्या घाला.

मीठ शेवटी, चव बघून. विकतच्या कोंबडीत असतं, स्टॉकमध्येही असतं.

वरच्या पारीला चार-पाच चिरा द्या. वाफेला वाट नसली तर ती स्वतः शोधते आणि मग ओव्हन तुम्हीच पुसायचा. खाली एक ट्रे ठेवाच.

काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको. तडकतं.

425 फॅरनहाइटला साधारण 35 मिनिटं. दोन्ही पाऱ्या असतील तर खालच्या कप्प्यात. कडा आधी काळपट होऊ लागल्या तर फॉइल.

गरम मसाला घालू का, हे मला दर वेळी कुणीतरी विचारतं. घाला, तुमचं घर आहे. मी थाइम (एक सुवासिक पाला) आणि भरपूर मिरपूड घालते, कारण लोण्या-दुधाच्या रश्श्यात लवंग-दालचिनी पुढे येऊन उभी राहते. हिरवी मिरची मात्र एक, बारीक चिरून. ती सासूबाईंची.

आणि बाहेर काढल्या काढल्या कापू नका. पंधरा मिनिटं मुरू दिलं की रस्सा बसतो, नाहीतर पहिल्याच तुकड्याबरोबर ताटभर वाहतो. आमच्याकडे तेवढ्यात ओट्यावरची भांडी घासून होतात.