ट्यूशन माफ झाली म्हणजे नेमकं काय झालं?

जानेवारी २०१९. "ट्यूशन माफ झाली!" मी फोनवर ओरडलेच. पलीकडून आजी म्हणाली, "एवढं मोठं कॉलेज असून ट्यूशन कशाला लावली होतीस?" हसून झालं, फोन ठेवला आणि विद्यापीठाचं बिल उघडलं, तर खाली अजून हजारावर डॉलर बाकी. आरोग्य विमा, तंत्रज्ञान शुल्क, बस, जिम. माफ होते ती फक्त ट्यूशन, म्हणजे विद्यापीठाची शिकवण्याची फी. 'फीज' नावाचं वेगळं खातं असतं आणि ते बहुतेक ठिकाणी आपल्यालाच भरावं लागतं. अमेरिकेत एमएसला निघालेल्या कुणी सल्ला विचारला तर मी आधी एवढंच सांगते, की माफीत काय येतं आणि काय येत नाही हे विभागाकडून ईमेलवर लिहून घे. तोंडी नको.

मी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची, सिव्हिलवाली. ऑगस्ट २०१८ मध्ये मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात गेले. कर्ज मंजूर झालं तेव्हा आमचं सगळं गणित ६५ रुपयांच्या डॉलरने मांडलेलं होतं. मी विमानात बसले त्या महिन्यात तो सत्तरीला टेकला.

कर्जाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण शेतकऱ्यांच्या घरात ती इथेच अडते. बाबा सातबारा आणि आठ-अ घेऊन मोठ्या ऐटीत बँकेत गेले. साडेतीन एकर बागायती ऊस, रस्त्याला लागून. साहेबांनी कागद बघितलाही नाही. "एनए आहे का?" म्हणजे बिगरशेती. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हणजे बहुधा तारण आलं, आणि शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा चालत नाही. शेवटी मामाने सांगलीतलं राहतं घर लावलं. मामी दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मग सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, वकिलाची सही. यात आमचे सात आठवडे गेले. व्हिसासाठी विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं, त्यासाठी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय दाखवावी लागते आणि त्याशिवाय व्हिसाची मुलाखत नाही. म्हणून ॲडमिट हातात पडायची वाट न बघता तारणाचे कागद फेब्रुवारीतच काढून ठेवा.

शिष्यवृत्त्यांबद्दल आपल्याकडे एक गोड समजूत आहे, की पोरगी हुशार असली की अमेरिका पैसे देते. पीएचडीला ते बऱ्याच अंशी खरं आहे. विज्ञान-इंजिनिअरिंगमध्ये विभाग बहुधा ट्यूशन माफी आणि स्टायपेंड दोन्ही देतो. एमएसवाल्यांच्या फीवर मात्र विभागाचं घर चालतं, तो ती का सोडेल? आपल्याकडच्या संस्थांचंही नीट वाचा. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंट किंवा के. सी. महिंद्रा ट्रस्टची मदत, दोन्हींच्या नावात स्कॉलरशिप असली तरी ती परत करायची असते. तरीही अर्ज कराच, बँकेपेक्षा केव्हाही बऱ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सोडू नये. ती खरोखर शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाच्या रँकची आणि घरच्या उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, मागच्या वर्षीच्या मित्राला विचारून चालू नका.

आणि एकाच झऱ्यावर भागलं असं फारसं कुणाचं होत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, तेही तीन वर्षांसाठी आणि पुढे बडोद्यात नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसनवारी, असं सगळं जमवून १९२० मध्ये ते पुन्हा गेले. वसतिगृहात बिलं मांडून बसले की मला हे आठवायचं.

माझी पहिली कमाई डायनिंग हॉलच्या डिश रूममधली. पट्ट्यावरून ट्रे येत राहतात. उष्टं खरवडायचं, काटे-चमचे एका टबात, ग्लास उलटे रॅकमध्ये, की रॅक मशीनमध्ये ढकलायचा. वाफेने चष्मा सतत धुरकट. पहिल्या आठवड्यात अर्धे पिझ्झे टाकताना हात अडखळायचा; नंतर अडखळेनासा झाला, याचंच जास्त वाईट वाटलं. पण प्रत्येक शिफ्टला एक जेवण फुकट, आणि ते पगारापेक्षा मोलाचं. आठवड्याला चार शिफ्ट म्हणजे चार रात्री स्वयंपाक नाही, किराणा नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, त्याहून एक मिनिटही जास्त नाही. हे २० तास सगळ्या नोकऱ्या मिळून आहेत. बाहेर देसी हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर रोखीने काम करणारे भेटतील, ते "काही होत नाही" म्हणतील. त्यांचं ऐकू नका. पकडलं गेलं तर कर्ज तसंच राहतं आणि व्हिसा जातो.

पहिला पगार लगेच येत नाही, हेही आधी कुणी सांगत नाही. पगाराच्या नोंदीला सोशल सिक्युरिटी नंबर हा सरकारी क्रमांक लागतो; त्यासाठी अर्ज करायला कॅम्पसवरच्या नोकरीचं पत्र लागतं, शिवाय देशात येऊन दहा दिवस उलटू द्यायला सांगतात. माझ्या खात्यात पहिले पैसे आले ते सप्टेंबरच्या अखेरीला. तोवर घरभाडं, तेवढंच डिपॉझिट, गादी, भांडी. दोन महिने पुरतील एवढे पैसे फीपासून वेगळे ठेवूनच निघा. फी एकदम भरता येत नसेल तर हप्त्यांची सोय विचारा. भरायची राहिली तर खात्यावर 'होल्ड' लागतो आणि पुढच्या सत्राचे विषय निवडता येत नाहीत.

असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठात शिकवण्या-तपासण्याचं किंवा संशोधनाचं काम आणि त्याबदल्यात पगार नि ट्यूशन माफी, मला माझ्या विभागात मिळालीच नाही. ऑक्टोबरात मी सिव्हिलच्या अकरा प्राध्यापकांना ईमेल केले. दोघांनी उत्तर दिलं, दोघांनीही नाही म्हणून. ईमेल वाईट होते हे आता कळतं: "आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग"ने सुरुवात, चार परिच्छेद, सोबत रेझ्युमे. मग एका सीनिअर मुलीने सांगितलं, विभागाबाहेर बघ. ग्रंथालय, वसतिगृहांचं कार्यालय, खेळाडूंना शिकवणारं केंद्र, आयटी, संख्याशास्त्र विभाग. तिथे सिव्हिलची गर्दी नसते.

संख्याशास्त्राच्या प्राथमिक कोर्सला चारशे मुलं होती आणि पेपर तपासायला माणसं कमी. मी पाच ओळी लिहिल्या: वालचंदला अमुक विषय, अमुक मार्क, 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा येते, नमुन्यादाखल एक सोडवलेला प्रश्नसंच जोडला आहे, मंगळवार-गुरुवार दुपारी मोकळी आहे. दुसऱ्या दिवशी बोलावणं. आठवड्याला दहा तासांची, म्हणजे ४० तासांच्या हिशेबाने पाव नेमणूक. आमच्या विद्यापीठात पाव नेमणुकीवरही त्या सत्राची ट्यूशन माफ होत असे, म्हणून २० तासांच्या मागे न लागता मी दहावर उडी मारली. उरलेल्या दहांत डिश रूम चालू ठेवली. तुमच्या विद्यापीठात माफीला किती टक्के नेमणूक लागते, हे पदव्युत्तर कार्यालयाच्या पानावर शोधा. शिकवायचं काम असेल तर इंग्रजी बोलण्याची अट असते, टोफेलच्या स्पीकिंगचे मार्क बघतात. वाचनावर भर देऊन बोलण्यात कमी मार्क मिळवणारे आपण, इथेच मार खातो.

उन्हाळ्याचे तीन महिने मात्र कोरडे. नेमणूक मे महिन्यात संपते, भाडं संपत नाही. सुट्टीत कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येतं, आणि एक शैक्षणिक वर्ष झालं की सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या परवानगीवर, बाहेर इंटर्नशिप. मी एका छोट्या कन्सल्टन्सीत गेले. तिथल्या पहिल्या पे-स्लिपवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे तिथल्या पेन्शनचा आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्याचा कर, मिळून ७.६५ टक्के कापलेले. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा हे लागू नसतं. नियम दाखवल्यावर पेरोलच्या बाईंनी पुढच्या पगारात परत केले. आयकर भरताना आणखी एक लक्षात ठेवा: भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, आमच्या चिनी मित्रांना ते नव्हतं. विद्यापीठाचं मोफत सॉफ्टवेअर ते विचारतं, घाईत 'नेक्स्ट' दाबू नका.

स्टायपेंडमधून मी दर महिन्याला कर्जाचं निदान व्याज तरी घरी पाठवायचे. हप्ते सुरू व्हायचे होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. बाबा म्हणायचे, ऊस बिल आलं की बघू. ऊस बिल कधी येतं हे मला ठाऊक होतं.

कर्ज जानेवारी २०२४ मध्ये फिटलं. मामाच्या घराचे मूळ कागद घ्यायला मी सुट्टीत त्याच्यासोबत गेले. "पुढच्या महिन्यात या," असं काउंटरवरून आलं. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. मी तो मोबाइलवर काढून दिला. मामाने चष्मा लावून सगळा वाचला आणि तिथल्याच बाकावर बसून राहिला. चार वाजता फाईल आली. मामीने घरी प्रत्येक पान मोजून घेतलं.