संचलनात जुनी लष्करी जीप चालवताना या चुका टाळा

मोकळ्या रस्त्यावर तासभर बिनतक्रार पळणारी जीप संचलनात अर्ध्या किलोमीटरवर धापा टाकू लागते आणि खापर इंजिनावर फुटतं. खरं दुखणं वेगाचं असतं. माणसं ताशी ४-५ किलोमीटरने चालतात. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी पहिल्या गिअरमध्ये, ६०० आरपीएमच्या आयडलिंगवरही (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिनाच्या मिनिटाला ६०० फेऱ्यांवर), ताशी ६ किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे चालणाऱ्या पथकामागे ती न थांबता राहूच शकत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

हाफ क्लचवर गाडी रेटणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. क्लच अर्धवट दाबलेला ठेवून आठ इंचांपेक्षाही जराशी लहान क्लच प्लेट सतत घासत राहिली की आधी जळका वास येतो, मग गाडी धक्के देत उठते. पुढच्या पथकाशी १५-२० मीटर अंतर पडू द्या. मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये पुढे या, पाच मीटर उरले की थांबा, गाडी न्यूट्रलला घ्या आणि पाय पेडलवरून काढा. पेडल दाबून उभं राहिलात तर रिलीज बेअरिंग झिजतं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका. दात खरखरले तर आधी दुसऱ्याला टेकवून मग पहिल्यात घ्या.

लो रेंजचा मोह

लो रेंजमध्ये (वेगळ्या लिव्हरने लागणाऱ्या, कमी वेगाच्या जोड-गिअरमध्ये) वेग जवळजवळ निम्मा होतो, म्हणून लिव्हर ओढायला हात शिवशिवतो. पण या जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो रेंज लागत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक जिरवायला ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत) डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. सरळ रस्त्यावर निभावतं. चौकात मात्र स्टिअरिंग जड होतं, शाफ्टना पीळ बसतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर ठोकाठोक करू नका. सरळ रेषेत थोडं मागे घेत लिव्हर हलक्या हाताने ओढा, पीळ सुटला की तो आपसूक निघतो.

जाळीवर फलक आणि झेंडे

इतक्या कमी वेगात जाळीमागच्या रेडिएटरला मिळणारा वारा फक्त पंख्याचा. जाळीवर कापडी फलक बांधला की तापमानाचा काटा चढणारच. फलक बाजूला किंवा मागे लावा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण २५ मिलिमीटर दबायला हवा. इग्निशन टायमिंग मागे पडलं (ठिणगी उशिरा पडत) असेल तरी आयडलिंगला इंजिन तापतं. काटा चढू लागला तर न्यूट्रलमध्ये १०००-१२०० आरपीएम ठेवा, म्हणजे पंखा आणि पाण्याचा पंप जोरात फिरतील. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. रांग लागेपर्यंत इंजिन बंदच बरं.

गाडी तापल्यावर गचके देऊन बंद पडली आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या काचेच्या वाटीत बुडबुडे दिसले, तर तो व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. कार्बोरेटर खोलायची घाई नको. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा देणं.

६ व्होल्टचा विसर

या जीपची वीज ६ व्होल्टची. आयडलिंगवर डायनॅमो बॅटरी जेमतेमही चार्ज करत नाही. वर हेडलाइट लावून मिरवलं की अ‍ॅमीटरचा (चार्जिंग दाखवणाऱ्या मीटरचा) काटा वजाकडे जातो आणि शेवटच्या थांब्यानंतर स्टार्टर नुसता कण्हतो. आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा, दिवे बंद ठेवा. मदतीला आलेल्या आजच्या कारची १२ व्होल्टची बॅटरी जोडलीत तर बल्ब आणि गेज जळू शकतात.

माणसं आणि ब्रेक

बॉनेटवर किंवा टबच्या (जीपच्या उघड्या बॉडीच्या) कडेवर कुणालाही बसवू नका. पहिल्या गिअरचा एक हिसका माणूस खाली पाडायला पुरतो. गाडीतून गोळ्या-चॉकलेटं फेकली की मुलं थेट चाकांकडे धावतात. वाटायचंच असेल तर चालत वाटा. मोठ्या ट्रकच्या दोन्ही पुढच्या चाकांशी एकेक माणूस चालता ठेवा, कारण बंपरजवळचं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. ब्रेकचं सर्किट एकच असतं: एक व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. निघण्यापूर्वी पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली गेलं तर गाडी ट्रेलरवरच राहू द्या. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर लागतो, तो उभी गाडी धरायला आहे. चढावर थांबायचं तर चाकाखाली लाकडी ठोकळा हवाच.

पंक्चर झाल्यावर भलतेच नट सोडणं

कॉम्बॅट रिम दोन भागांची असते. बाहेरच्या वर्तुळातले नट ते दोन भाग एकत्र धरतात, आतले पाच चाक हबला धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर रिम स्फोटासारखी उसळते, जीवही जाऊ शकतो. जॅक लावून फक्त आतले पाच खोला. डाव्या बाजूला मूळ स्टडचे आटे उलटे असतात, तिथे नट घड्याळाच्या दिशेने सुटतो. पुनर्बांधणीत स्टड बदललेले असू शकतात, म्हणून घरीच एकदा पाना लावून खात्री करा. मूळ आट्यांवर सवयीने उलट्या दिशेला जोर लावलात तर नट आणखी आवळतो आणि स्टड तुटतो.