कान गरम झाले की मी ऑर्डर टाकत नाही

ऑफिसातली नवीन पोरं विचारतात, दादा शेअर मार्केटात ट्रेडिंग करताना इंडिकेटर (भावाचा अंदाज देणारं चार्टवरचं गणित) कुठला वापरतोस, आणि मी वही दाखवली की त्यांचं तोंड पडतं. साधी दोनशे पानी वही, चार्ट वगैरे काही नाही, ऑर्डर टाकायच्या आधी मला काय वाटत होतं ते एका ओळीत लिहिलेलं असतं, बस.

ही वही सुरू झाली ४ जून २०२४ नंतर, म्हणजे लोकसभेचा निकाल लागला त्या दिवसानंतर. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर मार्केट तीन टक्क्यांच्या वर चढलेलं, मी निफ्टीचे कॉल (निफ्टी वर गेला तर फायदा देणारे ऑप्शन) घेऊन बसलेलो आणि कँटीनमध्ये जेवताना सगळ्यांना सांगूनही मोकळा झालेलो की उद्या बघाच. सकाळी कल यायला लागले तसा प्रीमियम, म्हणजे त्या कॉलचा भाव, वितळायला लागला, स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकणारी ऑर्डर) लावलेला होता तो मीच माझ्या हाताने काढला आणि वर अजून दोन लॉट (ठरलेल्या संख्येचे गठ्ठे) घेतले, अ‍ॅव्हरेज करायला, म्हणजे स्वस्तात आणखी घेऊन सरासरी भाव खाली आणायला म्हणे! निफ्टी त्या दिवशी १३७९ अंक खाली बंद झाला, जवळजवळ सहा टक्के. माझे ३८ हजार गेले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "मला सकाळीच कळलं होतं, तुझे कान लाल झाले होते आणि चहा तसाच गार झाला." आणि मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की मी एकदम शांत आहे, माझा व्ह्यू आहे. व्ह्यू कसला डोंबलाचा, लाज होती ती. कँटीनमध्ये मारलेली फुशारकी खोटी पडू नये म्हणून मी पैसे टाकत होतो आणि त्याला कॉन्फिडन्स म्हणत होतो.

तीन महिने लिहिल्यावर वही चाळली तर भलतंच निघालं. मला वाटायचं माझा प्रॉब्लेम भीती आहे, पण भीती वाटली त्या दिवशी मी क्वांटिटी कमी ठेवलेली आणि फार काही गेलेलं नाही. मोठे लॉस दोनच प्रकारच्या दिवशी, एक म्हणजे साडेदहापर्यंत चांगला नफा झाला आणि "आज आपला दिवस आहे" असं लिहिलंय तेव्हा, आणि दुसरं म्हणजे दुपारी मार्केट एका जागी लोळत असताना निव्वळ कंटाळा आला म्हणून. नफ्यातलं पटकन विकायचं आणि तोट्यातलं कवटाळून बसायचं ही खोड तर पानोपानी. तिला डिस्पोझिशन इफेक्ट म्हणतात, शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय, म्हणजे मी काही वेगळा मूर्ख नाही.

लिहिताना एक करा, "टेन्शन" असला मोघम शब्द नको. राग आहे का, हेवा आहे का (मित्राने स्क्रीनशॉट पाठवला की मला हमखास होतो), घरातलं भांडण डोक्यात आहे का, ते नीट नाव घेऊन लिहा, आणि नाव सापडत नसेल तर शरीर बघा, माझे कान गरम होतात, तुमचे दात आवळले जात असतील. कान गरम असले की मी दहा मिनिटं फोन किचनमध्ये ठेवून येतो. स्टॉपलॉस मनात ठेवत नाही, सिस्टिममध्येच टाकतो, आणि ठरलेला लॉस झाला की ब्रोकरच्या अ‍ॅपमधला, ट्रेडिंग काही काळ बंद करणारा किल स्विच दाबतो.

आता खरं सांगतो, वहीमुळे मी श्रीमंत बिमंत झालो नाही, लॉस आटोक्यात आला एवढंच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (भावाच्या चढउतारावरचे करार) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सरासरी दोन लाखांच्या आसपास. तुमची स्ट्रॅटेजीच टुकार असेल तर मन कितीही ओळखा, शांतपणे बुडाल. म्हणून पहिले सहा महिने ऑप्शन्सला हात लावू नका, थोडे शेअर घ्या आणि वही लिहा.

गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे: "११:२०, कंटाळा, घेतला नाही." घेतला असता तर चांगला चालला असता, तेही खाली लिहिलंय, कारण ती जळजळ पुढच्या ऑर्डरला चिकटते.