क्लासचा टॉपरवाला फ्लेक्स कसा वाचावा

निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो: २० हसरे चेहरे, खाली रँक आणि ठळक अक्षरांत 'पुढचा नंबर तुमचा!' हा शितावरून भाताची परीक्षा करायला लावणारा युक्तिवाद आहे. तर्कशास्त्रात याला विगमन म्हणतात.

आधी फ्लेक्सचा फोटो काढा, बारीक अक्षरंही वाचता यायला हवीत. मग घरी येऊन मजकूर झाकून नुसते चेहरे बघा, आणि चेहरे झाकून नुसता मजकूर वाचा. चेहरे एवढंच सांगतात की ही मुलं पास झाली. 'आमच्यामुळे' हे मजकूर म्हणतो.

आता अवघड भाग. चित्र आणि मजकूर यांच्यामधलं एक वाक्य कुठेच छापलेलं नसतं, ते आपणच मनात जोडतो. ते कागदावर लिहा. मी अनेक वर्षं ही पायरी गाळायचो. 'फोटो खरे आहेत का तेवढं बघा' हा सल्ला सगळे देतात, आणि भाच्याच्या वेळी मी तेच केलं. ओळखीतून दोन मुलं शोधली. दोन्ही खरी निघाली, म्हणून फी भरली. पुढे कळलं की त्यातल्या एकीने तिथे फक्त टेस्ट सिरीज घेतली होती. फोटो खरा, रँक खरी, तरी अनुमान चुकलं.

माझ्या कागदावर हे वाक्य असायला हवं होतं: 'फोटोतली मुलं क्लासमधल्या बाकीच्या मुलांसारखीच आहेत आणि तोच कोर्स करून पास झाली.' लिहिलं की ते किती लंगडं आहे ते लगेच दिसतं. शीत चाचपून भात कळतो, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो आणि शीत आपण उचलतो. इथे शितं निवडून ताटात मांडतो तो स्वयंपाकीच.

शिवाय फ्लेक्सवर अंश असतो, छेद नसतो. ४० पैकी २० म्हणजे निम्मी मुलं, २००० पैकी २० म्हणजे शंभरात एक. चेहरे दोन्हीकडे तेवढेच. 'चेहरे जास्त म्हणजे क्लास चांगला' हे मला अजिबात मान्य नाही. चेहरे जास्त म्हणजे फ्लेक्स मोठा.

कोर्सचा प्रश्न माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. यूपीएससीच्या काही क्लासेसनी जाहिरातीत मिरवलेल्या उमेदवारांनी फक्त मुलाखतीची तयारी तिथे केली होती, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आढळलं. नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यशस्वी विद्यार्थ्याच्या फोटोसोबत त्याचं नाव, रँक आणि त्याने घेतलेला कोर्स द्यावा लागतो, शिवाय निकालानंतर त्याची लेखी संमतीही लागते. फ्लेक्सवर कोर्स लिहिलेला नसेल तर तिथेच थांबा.

लिहिलेला असेल तर काउंटरवर दोनच प्रश्न विचारा: या कोर्सला एकूण किती मुलं होती, आणि मधल्या मुलाला किती गुण मिळाले? पहिला आलेला त्यांना तोंडपाठ असतो, मधला क्वचितच. 'सर सांगतील' असं उत्तर आलं तर कागदावर ती जागा रिकामी ठेवा. फीमधली सवलत 'फक्त आजपुरती' असेल, तर उद्या जा.